चित्रात न मावणारे क्रियापद

रोमान याकोबसन हे नाव मराठी समीक्षेत येते ते बहुधा एकाच कामासाठी. रूपक आणि लक्षणा, साम्य आणि साहचर्य हे दोन ध्रुव सांगायचे, कविता एकीकडे आणि वास्तववादी कादंबरी दुसरीकडे ठेवायची, आणि पुढे निघायचे. ज्या १९५६ च्या निबंधातून ही जोडी आपण उचलली, त्याच्या शीर्षकातच वाचाघाताचा उल्लेख आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. मेंदूला इजा झाल्याने ज्यांची भाषा मोडली अशा माणसांच्या बोलण्यात याकोबसन यांना ते ध्रुव दिसले होते. कुणाला एका शब्दाच्या जागी दुसरा सुचत नाही, पण वाक्याचा ओघ टिकतो. कुणाजवळ सुटे शब्द उरतात, पण त्यांना बांधणारी वीण जाते. १९६३ मध्ये लंडनला सीबा फाउंडेशनने भाषाविकारांवर परिसंवाद भरवला, तेव्हा याकोबसन यांनी लुरिया या रशियन संशोधकाच्या वर्गीकरणाच्या आधाराने सहा प्रकारांची मांडणी केली. डॉक्टरांच्या सभेत भाषाशास्त्रज्ञाचे ऐकले जाऊ लागले ते साधारण याच काळात. अमेरिकेतली ‘अकॅडमी ऑफ अफेजिया’ १९६२ मध्ये स्थापन झाली आणि तिची वार्षिक संमेलने आजही भरतात.

या संमेलनांतले आणि तिथून पुढे नियतकालिकांत गेलेले निबंध मी वाचत आलो आहे. मी वैद्य नाही, वाचोपचारही करत नाही. भाषेत रस असलेला वाचक म्हणून माझी एक तक्रार आहे, आणि ती क्रियापदाविषयी आहे.

याकोबसन यांच्या मांडणीत क्रियापद हा वेगळा प्रश्न नव्हता. तो झाला १९८४ मध्ये. मिचेली, कारामाझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटालियन रुग्णांवरून दाखवले, की ज्यांचे व्याकरण तुटले आहे त्यांना नामांपेक्षा क्रियापदे सुचायला फार अवघड जातात. तोपर्यंत समज असा, की या रुग्णांचे प्रत्यय आणि छोटी अव्यये जातात. आता कळले, की वाक्याचा कणाच जातो. त्यानंतर १९९१ मध्ये कारामाझा आणि हिलिस यांनी ‘नेचर’मध्ये दोन स्त्रियांची हकीगत छापली. इंग्रजीत एकच शब्द नाम आणि क्रियापद अशी दोन्ही कामे करतो. या दोघींना तोच शब्द नाम म्हणून जमे, क्रियापद म्हणून अडे. गंमत अशी, की एकीचे अडणे बोलण्यात होते, दुसरीचे लिहिण्यात. ध्वनी तोच, अक्षरे तीच, आणि तरी व्याकरणातली जागा बदलली की शब्द हाती लागत नाही.

मराठीत हा प्रयोग सहज करता येईल. ‘खेळ’, ‘मार’, ‘बोल’, ‘धाव’, ‘ओढ’ हे आपले शब्द नामेही आहेत आणि आज्ञार्थी क्रियापदेही. ‘पोराने मार खाल्ला’ आणि ‘चेंडू जोरात मार’. एवढे वाचूनच मराठी वाचकाला या संशोधनाची गोडी लागावी.

अडचण यापुढे आहे. रुग्णाला क्रियापद येते की नाही हे तपासायचे कसे? उत्तर ठरलेले: चित्र दाखवायचे. ड्रक्स आणि मास्टरसन यांची २००० साली निघालेली चित्रमाला पुष्कळ वापरली जाते. तिच्यात वस्तूंची १६२ आणि कृतींची १०० रेखाचित्रे आहेत. माणूस पळतो आहे, बाई शिवते आहे, मूल रडते आहे. काय चालले आहे ते एका शब्दात सांगा. पद्धत सोपी, मोजता येण्याजोगी, आणि पोटाला धरून बसलेल्या दवाखान्याच्या वेळापत्रकात बसणारी. पण तिने नकळत एक व्याख्या करून टाकली आहे: क्रियापद म्हणजे चित्रात दिसणारी कृती.

आता आपले ‘लागणे’ घ्या. भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, वेड लागते, ठेच लागते, शोध लागतो, वेळ लागतो, पाऊस पडू लागतो, आणि शेवटी जावे लागते. यातले कोणते चित्र काढणार? ठेचेचे काढता येईल. आगीचेही येईल, पण रुग्ण ‘जळतंय’ म्हणेल आणि त्याला पूर्ण गुण मिळतील. मराठी माणूस दिवसभर ज्या क्रियापदांवर उभा असतो त्यांतले हे एक, आणि चाचणीत ते फिरकणारही नाही.

‘बसणे’ आणि ‘टाकणे’ यांची गोष्ट आणखी फसवी आहे, कारण त्यांची चित्रे निघतात. खुर्चीवर बसलेली बाई, कचरा टाकणारा माणूस. रुग्णाने दोन्ही ओळखली तर नोंद होईल की ही क्रियापदे शाबूत आहेत. ‘हे काय करून बसलास!’ यातले ‘बसणे’ शाबूत आहे का? ‘एकदाचं सांगून टाक’ यातले ‘टाकणे’? पहिल्यात पश्चात्ताप किंवा नाराजी आहे, दुसऱ्यात मोकळे होणे आहे. खुर्ची आणि कचरा दोन्हींत नाही.

हा केवळ मराठीचा हट्ट म्हणून सोडून देता येणार नाही, कारण याच संशोधकांच्या हाती आलेला एक निष्कर्ष तेच सांगतो. ब्रीडिन, सॅफ्रन आणि श्वार्ट्झ यांनी १९९८ मध्ये दाखवले, की पुष्कळ रुग्णांना अर्थाने भरलेली क्रियापदे सापडतात आणि हलकी सापडत नाहीत. ‘धावणे’ जमते, ‘जाणे’ अडते. सामान्य बुद्धीला हे उलटे वाटते. पाच वर्षांनी गॉर्डन आणि डेल यांनी त्याचा उलगडा मांडला: भरीव क्रियापद अर्थाच्या जोरावर हाती येते, हलके क्रियापद वाक्यरचनेच्या आधाराने येते. रचनेचा आधार तुटला की हलके आधी जाते. अर्थ धूसर झाला की भरीव आधी जाते. या क्षेत्रात मला सर्वांत पटलेला विचार हाच. आणि तो खरा मानला, तर ज्या भाषेत हलकी क्रियापदे दुसऱ्या क्रियापदाच्या खांद्यावर बसून अर्थाच्या छटा देतात, ती भाषा पहिल्या रांगेत हवी होती. मेन आणि ऑब्लर यांनी १९९० मध्ये व्याकरण तुटलेल्या रुग्णांच्या कथनांचा तीन खंडांचा संग्रह केला. त्यात चौदा भाषा आहेत. हिंदी आहे, मराठी नाही. त्या संग्रहाचे मोल मला चित्रमालांहून मोठे वाटते, कारण तिथे रुग्ण काहीतरी सांगत असतो. नुसता ओळखत नसतो.

चिनीने काय साधले ते पाहण्यासारखे आहे. इटालियनवरून निघालेला एक तर्क असा होता, की क्रियापदाला प्रत्यय फार, म्हणून ते जड. चिनीत क्रियापद चालवलेच जात नाही. तरीही बेट्स, चेन आणि सहकाऱ्यांना १९९१ मध्ये तिथे तोच भेद आढळला. इतकेच काय, जोडशब्दांच्या आतल्या क्रियावाचक घटकापर्यंत तो पोचला होता. एका भाषेने अख्खा तर्क बाजूला सारला.

मराठी असे काय करू शकेल? मला क्रियापदाच्या अर्थाच्या थरांपाशी शक्यता दिसते. डेव्हिड केमरर यांनी २००० मध्ये दाखवले, की क्रियापदाच्या अर्थाचे व्याकरणाला लागणारे अंश आणि न लागणारे अंश स्वतंत्रपणे बिघडू शकतात. पुढे त्यांनी फिलमोर यांचे जुने कोडे घेतले: इंग्रजीत माणसाला दंडावर ‘मारता’ येते, पण दंडावर ‘मोडता’ येत नाही. मराठीत हे जसेच्या तसे उतरते. ‘त्याला हातावर मारलं’ चालते, ‘त्याला हातावर मोडलं’ कानाला लागते. मारणे ही करणी आहे, मोडणे हा परिणाम.

इथे व्याकरणशास्त्राची आठवण येणे स्वाभाविक आहे. सतराव्या शतकातल्या कौंडभट्टाच्या मते धातूचा अर्थ दुहेरी: फल आणि व्यापार. शिजवण्यात तांदूळ मऊ होणे हे फल, चुलीवर ठेवणे वगैरे व्यापार. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर धातू सकर्मक, एकाच ठिकाणी असतील तर अकर्मक. दिवाळी अंकांत अशा जागी ‘हे सगळे आपल्याकडे आधीच होते’ असे लिहायची प्रथा आहे. ते खरे नाही. आजचे बेथ लेव्हिन आणि रापापोर्ट होवाव म्हणतात, की एक क्रियापद रीत किंवा परिणाम यांपैकी एकच शब्दात बांधते. कौंडभट्टाला प्रत्येक धातूत दोन्ही हवेत. मतभेद खरा आहे, आणि तो रुग्णांच्या बोलण्यावर तपासून पाहण्याजोगा आहे.

त्यासाठी मराठीजवळ सामग्री आहे. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे अशा जोड्यांत परिणाम एकच, पण करणारा आला की स्वर बदलतो. ‘मोडणे’ मात्र दोन्हीकडे तेच राहते: काठी मोडली, त्याने काठी मोडली. सिंथिया थॉम्प्सन यांचे २००३ चे गृहीतक आहे, की क्रियापदाभोवतीची रचना जितकी गुंतागुंतीची तितके ते रुग्णाला जड. ‘फुलदाणी फुटली’ यासारखी इंग्रजी वाक्येही, करणारा नसून, त्यांच्या मते जडच, कारण ज्याला सोसावे लागते तो कर्त्याच्या जागी येऊन बसतो. इंग्रजीत या क्रियापदाचे रूप दोन्हीकडे सारखे, त्यामुळे रूपाचा भार किती आणि रचनेचा किती हे वेगळे काढता येत नाही. ‘फुटणे-फोडणे’ आणि ‘मोडणे-मोडणे’ समोरासमोर ठेवले तर काढता येईल.

हे काम चित्रांनी होणार नाही. फुटलेल्या फुलदाणीचे चित्र ‘फुटली’ला आणि ‘फोडली’ला सारखेच लागू पडते, शेजारी खजील पोरगा काढला तरी ठरत नाही, कारण घरोघरची पोरे ‘फुटली’ असेच सांगतात. रुग्णाला बोलू द्यावे लागेल: झटका आला त्या दिवसाबद्दल, जावयाबद्दल, चुकलेल्या हिशेबाबद्दल. मग टेप ऐकत बसावे लागेल, आणि कुठे ‘पडलं’ आले, कुठे ‘पाडलं’ यायला हवे होते, कुठे ‘करून’ म्हणून माणूस थांबला आणि ‘बसलो’ आलेच नाही, हे टिपावे लागेल. संमेलनातल्या पानभर सारांशात अशा रुग्णाची दोन आद्याक्षरे आणि टक्केवारी येते. ‘करून’नंतरची ती थांबलेली जागा कोणत्या रकान्यात भरायची, याचे उत्तर मी वाचलेल्या सारांशांत मला मिळालेले नाही.