चेटकीण की सटवाई : आद्य-आधुनिक इंग्रजी नाटकातील अभिचार आणि मराठी रूपांतराचा शब्दप्रश्न

बंगळूरच्या बनशंकरी मंदिरात राहुकाळी भक्त लिंबाची अर्धी फोड पिळून, तिची साल उलटी करून त्या वाटीत दिवा लावतात. हेच लिंबू टाचण्या टोचून तिठ्यावर ठेवलेले आढळले, तर मराठी खेड्यात करणीची भाषा सुरू होते. वस्तू एकच, मंदिरात ती उपासना ठरते, तिठ्यावर अभिचार. भेद वस्तूत नसतो. ती कोणाच्या हाती आहे आणि तिला नाव कोण देतो, ह्यात तो असतो. आद्य-आधुनिक इंग्रजी नाटकातील जादूचे नाट्य नेमके ह्या नामकरणाच्या अनिश्चिततेतून घडते, आणि मराठी रूपांतरापुढील प्रश्नही तेथेच उभा राहतो.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये अभिचार ही एकाच वेळी तीन क्षेत्रांची बाब होती. कायद्याच्या दृष्टीने तो अपराध होता. १६०४च्या कायद्याने दुष्ट आत्म्यांना आवाहन करणे हाच देहान्त शासनाचा गुन्हा ठरविला. विद्वानांच्या दृष्टीने तो ग्रंथगत विद्येचा सीमाप्रदेश होता. रेजिनाल्ड स्कॉटसारख्या संशयवाद्याला त्यात हातचलाखी दिसली. १५८४च्या आपल्या ग्रंथात त्याने जादूगारांच्या युक्त्याच उघड करून दाखविल्या. उलट जेम्स राजाने १५९७मध्ये, इंग्लंडच्या गादीवर येण्यापूर्वी, चेटकाचे वास्तव सिद्ध करणारा ग्रंथ लिहिला. रंगभूमीला ह्या तिन्ही भूमिका एकाच फळीवर नांदवाव्या लागल्या. मार्लोच्या डॉक्टर फॉस्टसच्या प्रयोगात नटांच्या सैतानांत एक जास्तीचा सैतान आढळला, ही आख्यायिका खरी असो वा नसो, प्रेक्षकाच्या मनातील अनिश्चिततेची ती अचूक साक्ष आहे.

ह्या अनिश्चिततेला सत्तेचीही बाजू आहे. १६११मध्ये राजदरबारी सादर झालेल्या टेम्पेस्टमध्ये प्रॉस्परोची जादू ही कला आहे, सिकोरॅक्सची जादू हे चेटूक आहे. दोघेही निर्वासित, दोघांचेही सामर्थ्य निसर्गावर चालणारे. परंतु सिकोरॅक्स रंगमंचावर कधीच येत नाही; तिची हकीकत मुख्यतः प्रॉस्परोच्या तोंडून कळते. ग्रंथ ज्याच्यापाशी आहे तो पंडित, ज्या स्त्रीपाशी तो नाही ती चेटकीण, हा निवाडा प्रतिपक्षाला ऐकून न घेताच झालेला असतो.

मॅकबेथमधील तीन स्त्रियांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. संहितेच्या रंगसूचनांत त्यांना चेटकिणी म्हटले आहे. पण मॅकबेथ आणि बँको त्यांचा उल्लेख करतात तो नियतीशी नाते सांगणाऱ्या भगिनी म्हणून. हॉलिन्शेडच्या बखरीतही त्या दैवाच्या देवता किंवा जलवनातील अप्सरा असाव्यात, असा पर्याय नोंदविला आहे. म्हणजे रंगसूचना एक नाव देते, पात्रे दुसरे. त्या भविष्य सांगतात की घडवितात, हा नाटकाचा मध्यवर्ती प्रश्न ह्या दोन नावांमधल्या फटीत जिवंत राहतो.

मराठी समीक्षेत मात्र ‘तीन चेटकिणी’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की ही फट जाणवेनाशी झाली आहे. मराठी रूपांतरपरंपरेने संदर्भांतर पूर्वीच आरंभिले होते. शिवराम महादेव परांजपे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मॅकबेथचा मानाजीराव केला. कन्नडमध्ये श्रीकंठेश गौडांचा प्रतापरुद्रदेव त्याच दशकातला, १८९५चा. पुढे १९५४मध्ये शिरवाडकरांचे राजमुकुट आले. तिन्ही शीर्षके राजसत्तेकडे लक्ष वेधतात. दैवाची बाजू शीर्षकात नाही. ह्याच्या उलट, ब. व. कारंतांनी १९७९मध्ये यक्षगानशैलीत केलेल्या हिंदी प्रयोगाचे नाव बरनम वन होते. तेथे राजापेक्षा वनाला अग्रस्थान मिळाले. मूळ वनदेवता असलेल्या बनशंकरीच्या भूमीत हे शीर्षक परके वाटत नाही.

मराठी लोकधर्मात ह्या भगिनींना जवळचे नाते उपलब्ध होते. पाचवी-सहावीच्या रात्री बालकाच्या कपाळी भविष्य लिहिणारी सटवाई आणि पाणवठ्यावर वसणाऱ्या, पूजनीय तितक्याच भयावह साती आसरा ही ती दैवते. ‘आसरा’ हा शब्द ‘अप्सरा’पासून आला आहे, हे हॉलिन्शेडच्या पर्यायाशी ताडून पाहण्यासारखे आहे. सटवाई म्हटले की विधिलिखित आणि भय ही दोन्ही एकत्र येतात. चेटकीण म्हटले की आरोप तेवढा उरतो. कारण चेटकीण ही देवता नव्हे, शेजारीण असते.

हा आरोप कसा घडतो, हे डेकर, फोर्ड आणि राउली यांच्या ‘एडमंटनची चेटकीण’ ह्या नाटकाने दाखविले. १६२१च्या एप्रिलमध्ये एलिझाबेथ सॉयर हिला फाशी झाली आणि त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातील दरिद्री वृद्धेला गाव आधी चेटकीण म्हणते, मार देते. त्यानंतरच कुत्र्याच्या रूपाने सैतान तिच्यापाशी येतो. नाटक सैतान नाकारत नाही. तथापि नाव आधी आणि अपराध नंतर, हा क्रम ते ठामपणे मांडते. मराठी रूपांतरपरंपरा प्रामुख्याने शेक्सपिअरभोवती फिरली. तिला ह्या नाटकाची गरज सर्वाधिक होती.

ह्या गरजेचे कारण केवळ वाङ्मयीन नाही. इंग्लंडचा कायदा १७३६मध्ये रद्द झाला आणि शिक्षा जादूऐवजी जादूच्या बतावणीला होऊ लागली. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आणखी पुढे जातो : अमुक व्यक्ती करणी करते असे सांगून तिला छळणाऱ्यालाच तो अपराधी मानतो. कर्नाटकानेही २०१७मध्ये असा कायदा संमत केला. ज्या समाजात ‘चेटकीण’ हा शब्द अद्याप एखाद्या स्त्रीच्या जिवावर बेतू शकतो, तेथे तो पर्यायकोशातील निरुपद्रवी नोंद म्हणून वापरता येत नाही. मॅकबेथमधील भगिनींसाठी सटवाई-आसरांची परंपरा जागवावी, आणि सॉयरसाठी मात्र ‘चेटकीण’ हाच शब्द राखावा. कारण तेथे त्या शब्दाचाच खटला चाललेला आहे. तौलनिक अभ्यासाने हा विवेक अनुवादकाच्या हाती द्यावयास हवा.