न गाळण्याची प्रतिज्ञा

पीटर ॲडमसन यांनी तत्त्वज्ञानाच्या इतिहासावरील आपली पॉडकास्ट मालिका २०१० साली लंडनमध्ये आरंभिली. मध्ये काहीही गाळणार नाही, ही प्रतिज्ञा तिच्या नावातच आहे. प्लेटो-ॲरिस्टॉटलवर बोलणारे पुष्कळ. ही मालिका वेगळी उठून दिसते ती त्यांच्यामधल्या विस्मृत विचारवंतांमुळे, आणि श्रोताही त्यासाठीच टिकतो असे आम्हांस वाटते. भाग साधारण वीस मिनिटांचा, भाषा नेटकी आणि उदाहरणांत वारंवार डोकावणारा जिराफ! (तो जिराफ आम्हांस अद्याप पुरता मानवलेला नाही.)

भारतीय तत्त्वज्ञानावरील भाग त्यांनी जोनार्डन गनेरी यांच्यासमवेत केले. २०२० मध्ये ते ग्रंथरूप झाले. त्यांत बुद्धघोषास स्वतंत्र भाग लाभला. पालि अट्ठकथाकारास सामान्य श्रोत्यांपुढे असे स्थान क्वचितच मिळते, म्हणून आम्ही तो दोनदा ऐकला. मात्र दिङ्नागानंतरचा सारा काळ एका धावत्या आढाव्यात आटोपतो. धर्मकीर्ती, शांतरक्षित याच काळातले! ज्या प्रतिज्ञेने श्रोता जोडला, तिच्याशी हे विसंगत आहे. शीर्षकावर विश्वास ठेवणारा नवखा श्रोता भारतीय बौद्ध न्याय दिङ्नागापाशीच संपला असे समजून बसेल.