बाहुल्यांचें रामायण

ज्या नाशकांत सीतागुंफा दाखविली जाते आणि काळ्या रामापुढें रोज शेंकडों हात जोडले जातात, तेथील वाचकाला कै. शांति बर्धन यांच्या ‘रामायण’ या नृत्यनाट्याची कल्पना प्रथम खटकल्यावांचून राहणार नाहीं. त्यांत राम, सीता, लक्ष्मण सारेच कळसूत्री बाहुल्या! नर्तक जिवंत, पण मुखवटे चढविलेले आणि दोरीनें ओढल्यासारखे हलणारे. ज्याच्या डोळ्यांतील करुणेवर आमच्या कीर्तनकारांनीं रात्री जागविल्या, त्याला लांकडाचा चेहरा द्यावयाचा हा संयम म्हणावा कीं अविनय?

आमच्या मतें हा संयमच. मुखाभिनय काढून घेतल्यावर शोकाला मान, खांदे आणि मनगटें एवढीच वाट उरते. आणि पंचवटींतील हरणाचा प्रसंग, जो एरवीं रडारडींत बुडतो, तो अशा आंखडलेल्या हालचालींत अधिक भयाण होऊं शकतो. बर्धन त्या काळीं क्षयानें जर्जर होते. त्या व्याधींतूनच ही शैली निघाली असा तर्क करण्याचा मोह होतो, पण तो आम्ही आवरतों.

त्यांनीं १९५२ सालीं मुंबईंत ‘लिट्ल बॅले ट्रूप’ स्थापिला व १९५४ सालीं ते वारले. रचना मात्र जगली. मंडळी ग्वाल्हेरास, पुढें भोपाळास गेली, तरी त्यांच्या पत्नी गुल बर्धन यांनीं २०१० सालीं मृत्यु येईपर्यंत ती एकत्र राखली. नृत्यरचनेला आमच्याकडे सहसा पोथी नसते. ती नर्तकांच्या अंगांत राहते, आणि नर्तक पांगले कीं गेली.

मेनकाबाई सोखी यांचें तसेंच झालें. १९३६ सालीं बर्लिनच्या नृत्यमहोत्सवांत गाजलेल्या या विदुषीनें पुढें खंडाळ्यास नृत्यविद्यालय काढलें, कालिदासाचें ‘मालविकाग्निमित्र’ नृत्यांत बांधलें. विद्यालय फार काळ टिकलें नाहीं. १९४७ सालीं त्याहि गेल्या. त्यांच्या शिष्या दमयंती जोशी यांनीं कथक नेटानें पुढें नेलें, पण एकटीनें. आणि मालविकेला अग्निमित्राखेरीज उभें राहतां येत नाहीं.

अमेरिकेंत १९३३ सालीं गेलेल्या बालांचीन या रशियन रचनाकारानें दुसऱ्याच वर्षीं न्यूयॉर्कला शाळा उघडली आणि तेथील नवशिक्या मुलींसाठीं ‘सेरेनाड’ रचलें. तालमीला एक मुलगी उशिरा आली, एक पडली. त्यानें दोन्ही गोष्टी रचनेंतच घेतल्या. बालांचीन १९८३ सालीं वारला. ती मुलगी अजून प्रत्येक प्रयोगांत उशिरा येते, आणि दुसरी पडते.