ड्रॅगनशी बोलायला वेळ कुणाला आहे?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या नावातच ड्रॅगन आहे. तरी माझी तक्रार त्याच्याबद्दलच आहे. गेल्या पन्नास वर्षांत या ड्रॅगनची ताकद वाढत गेली आणि तोंड बंद होत गेलं. हे कुणी ठरवून केलं असं मला वाटत नाही. खेळाच्या हिशेबानंच ते घडवलं.

खेळला नसाल, तर थोडक्यात सांगते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग उभं करतो आणि बाकीचे आपापलं पात्र त्या जगात काय करतं ते सांगतात. जमलं की फसलं, हे बऱ्याचदा फासे ठरवतात. पराक्रमाबद्दल अनुभवाचे गुण मिळतात, त्यांना एक्सपी म्हणतात. ते साठले की पात्राची लेव्हल वाढते. तेव्हा एक्सपी कशासाठी मिळतात, यावर खेळाडू कसे वागतील हे बरंचसं अवलंबून असतं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचे मूळ नियम 1974 साली आले. त्यांत ड्रॅगन भेटला की आधी दोन गोष्टी फाशांनी ठरायच्या: तो झोपलेला आहे का, आणि त्याला बोलता येतं का. पांढरा ड्रॅगन बोलका निघण्याची शक्यता सर्वांत कमी, सोनेरी मात्र हमखास बोलका. हल्ला करायचाच तर मारणार की काबूत आणणार, हे आधी सांगावं लागे. काबूत आलेला ड्रॅगन बाजारात विकता यायचा, त्याच्या हिट पॉइंटांच्या हिशेबानं. बोलणाऱ्या, विचार करणाऱ्या जिवाचा असा लिलाव मला निरागस वाटत नाही. पण ड्रॅगन समोर आला की त्याला मारणं हा अनेक पर्यायांपैकी एकच पर्याय होता, हेही खरं.

यामागे आणखी एक नियम होता. त्या काळी एक सोन्याचं नाणं बाहेर आणलं की एक एक्सपी मिळायचा. मॉन्स्टर मारल्याचे गुणही होते, पण खरी कमाई सोन्यातच असे. मग ड्रॅगन झोपलेला असेल तर हळूच चोरी करावी, जागा असेल तर त्याची स्तुती करावी, सौदा करावा, हेच शहाणपणाचं होतं. टॉल्किनच्या 1937 सालच्या ‘द हॉबिट’मध्ये बिल्बो स्मॉगसमोर नेमकं हेच करतो. आपल्याकडे गुप्तधनावर नाग बसतो असं म्हणतात. त्या गोष्टींतही नागाला ठेचून कुणी श्रीमंत होत नाही. त्याला विचारावं लागतं, त्याचं काहीतरी देणं द्यावं लागतं.

1989च्या दुसऱ्या आवृत्तीत सोन्याचे एक्सपी ऐच्छिक झाले आणि 2000च्या तिसऱ्या आवृत्तीत गेलेच. आता गुण आव्हान पार केल्याचे, आणि आव्हान म्हणजे टेबलावर बहुधा लढाई. 2014च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये प्रौढ लाल ड्रॅगनचे हिट पॉइंट 256 आहेत आणि त्याला हरवल्याचे 18,000 एक्सपी. न लढता प्रश्न सोडवल्याबद्दल गुण देण्याची मुभा डीएमला आहे, पण छापलेला आकडा हा आहे. याच पुस्तकाप्रमाणे प्रौढ ड्रॅगनचं वय 101 ते 800 वर्षं असतं. लढाईची एक फेरी सहा सेकंदांची. पाच फेऱ्यांत तो मेला, तर कित्येक शतकं जगलेला, कुठल्याही पंडिताइतका बुद्धिमान, आपली भाषा येणारा जीव अर्ध्या मिनिटात संपतो. तेवढ्यात बोलणार काय?

दुसरं कारण रंग. 1977च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये पाच रंगांचे ड्रॅगन दुष्ट आणि पाच धातूंचे सज्जन, अशी विभागणी पक्की झाली. दुष्टांची राणी टियामॅट, सज्जनांचा राजा बहामुट. मूळची टियामॅट बॅबिलोनची आदिसागराची देवी, आणि बहामुट हा अरबी विश्वकल्पनेत पृथ्वीचा भार पेलणारा प्रचंड मासा. दोन्ही नावं उचलताना त्यांच्या गोष्टी मागेच राहिल्या. रंग पाहून स्वभावही कळतो आणि फूत्कारही: लाल म्हणजे आग, निळा म्हणजे वीज, हिरवा म्हणजे विष. 2014चं पुस्तकच सांगतं की हवा तर सज्जन हिरवा ड्रॅगन करा. पण दुरून रंग दिसताच ज्याचा निवाडा झाला, त्याला प्रश्न विचारायची गरजच कुणाला पडत नाही. कातडीच्या रंगावरून स्वभाव ठरवायची सवय कुठून येते, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

याच पुस्तकातली एक गोष्ट मात्र मला फार आवडते. लाल ड्रॅगनच्या गुहेभोवती सहा मैलांपर्यंत लहान भूकंप होत राहतात, मैलभरातलं पाणी कोमट होतं आणि त्याला गंधकाचा वास येतो. इथे ड्रॅगन आकड्यांचा तक्ता राहत नाही. तो त्या मुलखाचं हवामान होतो. गावच्या विहिरीचं पाणी बिघडलं की गावकऱ्यांना त्याच्याशी काहीतरी तोडगा काढावाच लागेल. चांगली गोष्ट इथूनच सुरू होते.

आता बऱ्याच टेबलांवर एक्सपी मोजतच नाहीत, कथा पुढे सरकली की लेव्हल वाढते. म्हणजे मारण्याचं हिशेबी कारणही उरलेलं नाही, फक्त सवय उरली आहे. ड्रॅगन सज्जन व्हावेत असं माझं म्हणणं नाही. नॉर्स कथेतला फाफ्निर सोन्यासाठी बापाला मारतो आणि त्या सोन्यावर बसून ड्रॅगन होतो. त्याच्या दुष्टपणाबद्दल शंका नाही. तरीही सिगुर्डची तलवार पोटात गेल्यावर तो मरता मरता बोलत राहतो. हे सोनं तुझाही जीव घेईल, असं बजावतो, आणि ते खरं ठरतं. त्याचं बोलणं ऐकलेलं असतं, म्हणूनच त्याचं मरण आणि सिगुर्डचा विजय दोन्ही जड वाटतात.

डीएम असाल तर पुढच्या वेळी फासे काढण्याआधी ड्रॅगनला दोन वाक्यं बोलू द्या. खेळाडू त्यानंतरही त्याला मारतील कदाचित. पण निदान कुणाला मारलं हे त्यांना माहीत असेल.