सवलतीचे तास कुणाच्या खात्यातून?

विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ची नियमावली गोष्ट म्हणून कुणी वाचत नाही. तरी तिच्यात एक नायक आहे: पूर्णवेळ शिक्षक. तो आठवड्याला ४० तास काम करतो, वर्षाला ३० आठवडे, म्हणजे १८० दिवस शिकवतो, रोज किमान पाच तास महाविद्यालयात हजर असतो. सहायक प्राध्यापक असेल तर आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवतो; सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक झाला की १४ तास. २०१०च्या नियमावलीनं त्याच्याकडून आणखी एक अपेक्षा ठेवली होती: आठवड्याचे किमान सहा तास संशोधनासाठी राखावेत.

हा नायक कुठे राहतो, त्याच्या वर्गात कोण बसतं, त्याच्या विभागात आणखी किती माणसं आहेत, हे नियमावली सांगत नाही. नियमांना ते सांगता येत नाही, हेही मान्य. पण प्राध्यापकांना संशोधनासाठी शिकवण्याचे तास कमी करून द्यावेत, ही मागणी याच बेपत्ता नायकाच्या नावानं होते. म्हणून त्याला एकदा पत्ता देऊन पाहू. पत्ता: जव्हार किंवा मोखाडा, जिल्हा पालघर.

जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय आहे, मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचं. दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. दोन्ही गावांना रेल्वे नाही. कलिना संकुलातल्या ग्रंथालयात जाऊन यायचं तर एक दिवस प्रवासातच जातो. वर्गात वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी मुलं. त्यांतल्या अनेकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारं हे पहिलंच माणूस. घरची बोली एक, पुस्तकातली मराठी दुसरी. इथल्या शिक्षकाचा तास म्हणूनच कागदावरच्या तासापेक्षा लांब असतो. घंटा झाल्यावरही तो चालू राहतो, कारण शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला मुलं त्याच्याकडेच येतात.

आता या भागाविषयीचं लेखन पाहा. के. जे. सावे यांचं ‘द वारलीज’ १९४५चं. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७०चं. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत ‘वारली ऑफ ठाणे’ हा खंड आहे. यशोधरा डालमियांचं ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ १९८८चं. यातलं एकही पुस्तक टाकाऊ नाही. परुळेकरांचं तर मराठीतल्या मोठ्या पुस्तकांपैकी एक आहे. पण यातलं एकही इथल्या वर्गात रोज उभं राहणाऱ्या माणसानं लिहिलेलं नाही. सावे सरकारी अधिकारी, परुळेकर चळवळीच्या पूर्णवेळ कार्यकर्त्या, घाटगे भाषाशास्त्रज्ञ, डालमिया कलेच्या अभ्यासक. प्रत्येकाला कुणीतरी, कशासाठी तरी वेळ दिला होता किंवा त्यांनी तो आयुष्यातून काढून दिला होता. पुस्तकाच्या ऋणनिर्देशात माणसांची नावं येतात, या वेळेचं नाव सहसा येत नाही.

बाहेरच्या माणसानं लिहू नये, असं मी म्हणत नाही. मुद्दा त्या लेखनाच्या जातीचा आहे. बोलीचं सर्वेक्षण हा एका वेळी काढलेला फोटो असतो. ध्वनी, व्याकरण, नमुन्याचे उतारे, शब्दसंग्रह असा तो नेमका आणि उपयोगी असतो. डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर अलीकडे केलेलं बोलींचं सर्वेक्षण तर ध्वनिमुद्रणांसह ऑनलाइन ऐकता येतं. पण फोटोला पुढच्या वर्षीचं काही विचारता येत नाही. भट्टीवर जाऊन आलेल्या मुलाच्या बोलीत काय बदललं, मोबाइल आल्यावर कोणते शब्द गेले, हे कळायला त्याच गावात दहा-वीस वर्षं कान उघडे ठेवून बसावं लागतं. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर इथे स्क्रीनशॉट पुरत नाही, लॉग लागतो. आणि असा लॉग ठेवू शकणारा पगारी, शिकलेला माणूस या दोन तालुक्यांत आधीच नेमलेला आहे. त्याच्याकडे नाही तो फक्त वेळ.

हे आपोआप झालेलं नाही. पुण्याचं डेक्कन कॉलेज १९३४ साली बंद पडलं आणि १९३९ साली पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. त्यातून फार मोठं काम उभं राहिलं. पण संशोधनाची जागा वेगळी आणि पदवीच्या वर्गाची जागा वेगळी, ही आपल्याकडे पक्की झालेली वाटणी त्या बदलात स्पष्ट दिसते. पुढे २०१०च्या नियमावलीनं बढतीसाठी गुणांक आणले, तेव्हा वर्गातल्या शिक्षकाकडूनही संशोधन मागितलं गेलं. वेळ न देता मागितलं की जे मिळतं तेच मिळालं: पैसे घेऊन निबंध छापणारी नियतकालिकं. ती आवरायला २०१९मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली, २०२५मध्ये तीही बंद झाली. रोग वेळेचा आणि औषध यादीचं.

म्हणजे तासांची सवलत द्यावी, हे उघड आहे? इथेच मला अडायला होतं.

आमच्या धंद्यात एखाद्याला नव्या कामासाठी मोकळं केलं, की त्याच्या नावावरची जुनी कामं नाहीशी होत नाहीत, शेजारच्याच्या नावावर जातात. शिकवण्याच्या तासांचंही तसंच. चार सहायक प्राध्यापकांना आठवड्याला चार-चार तासांची सवलत दिली, तर सोळा तास मोकळे होतात. सोळा तास म्हणजे एक पूर्ण पद. ते पद भरलं नाही तर ते तास घेणार कोण? महाराष्ट्रात याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे: तासिका तत्त्वावरचा शिक्षक. तास झाला तर पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षाची खात्री नाही. त्याच्याकडेही सेट किंवा नेट असते, पुष्कळदा पीएचडीही असते. एकाच्या संशोधनाचे तास असे दुसऱ्याच्या आयुष्यातून कापले जातात, आणि ज्याच्या आयुष्यातून कापले जातात त्याला संशोधनाची सवलत कधीच लागू होत नाही.

हाच हिशोब उलट्या बाजूनंही खरा ठरतो. मे २०१६मध्ये आयोगानं सहायक प्राध्यापकांचे तास वाढवले, तेव्हा देशभर, विशेषतः दिल्लीत, शिक्षक रस्त्यावर आले आणि निर्णय मागे घ्यावा लागला. राग कामचुकारपणातून आलेला नव्हता. १४४ तासांना १६च्या हिशोबानं नऊ माणसं लागतात, १८च्या हिशोबानं आठ. नववा माणूस म्हणजे बहुतेक वेळा हंगामी माणूस. तास आणि पद ही एकाच नाण्याची दोन नावं आहेत. तासांबद्दल बोलणारा कुठलाही प्रस्ताव पदांबद्दल गप्प असेल, तर तो अर्धाच लिहिलेला आहे असं समजावं.

पूर्ण लिहिलेला प्रस्ताव आपल्याकडे होऊन गेला आहे. आयोगाच्या जुन्या अध्यापक विकास योजनेत महाविद्यालयीन शिक्षकाला पीएचडीसाठी पगारी रजा मिळे आणि त्याच्या जागी येणाऱ्या पर्यायी शिक्षकाच्या पगाराचीही तरतूद असे. त्या योजनेतलं शहाणपण दुसऱ्या अर्ध्यात होतं. पण तिच्यात एक गृहीतकही होतं: संशोधन करायचं म्हणजे महाविद्यालय सोडून विद्यापीठात जायचं. जव्हारच्या शिक्षकानं जव्हारवर लिहायचं असेल तर त्यानं जव्हार का सोडावं?

आणखी एक अडचण पंचांगाची. जुलैत वर्ग भरतात तेव्हा भात, नाचणी, वरईची लावणी चालू असते. दिवाळीनंतर दुसरं सत्र रंगात येतं तेव्हा कित्येक कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. होळीनंतर मुखवट्यांचा बोहाडा रात्र रात्र जागतो, तेव्हा शिक्षक पर्यवेक्षण करत असतो किंवा पेपर तपासत असतो. त्याला आठवड्याला दोन तास मोकळे दिले, तर त्यात तो फार तर स्टाफरूममध्ये एक लेख वाचेल. त्याला एखादं सत्र सलग हवं, तेही इथल्या ऋतूंशी जुळणारं.

म्हणून सवलतीच्या बाजूनं उभं राहायचं तर तीन अटींवर. जितके तास सोडवले तितकं पद पूर्ण पगारानं भरलं जावं. तास आठवड्याला चिमूटभर न देता सलग द्यावेत. आणि हिशोब छापलेल्या निबंधांचा न मागता गावाला परत काय मिळालं याचा मागावा: वर्गात वापरता येईल असा बोलीचा कोश, बोहाड्याचं नावानिशी केलेलं ध्वनिमुद्रण, आजीची गाणी तिच्या परवानगीनं उतरवलेली वही. नाहीतर इथलाच माणूस इथल्याच मुलांना फुकटचे माहीतगार करून टाकेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पहिल्या पिढीच्या मुलांना शिक्षकाची गरज सगळ्यांत जास्त, मग त्यांच्याच वर्गातून शिक्षक का काढायचा? माझं उत्तर असं की त्याला काढायचं नाहीच, वर्गात आणखी एक माणूस वाढवायचा आहे. नवं पद भरलं तर वारली मुलीला दोन शिक्षक मिळतात, त्यातला एक तिची बोली शिकत असतो. पद न भरता सवलत दिली तर तिला अर्धा शिक्षक मिळतो आणि कुणाला तरी एक प्रमाणपत्र.

नियमावलीची पुढची आवृत्ती कधीतरी येईलच. तिच्यात संशोधनाच्या तासांचं कलम सापडलं, की लगेच पुढचं कलम वाचावं: सोडलेला तास कोण घेणार आणि त्याला महिन्याला पगार मिळणार, की तासाला पैसे.