आंतरजालावरील प्रौढ ज्यू शिक्षण : उपलब्धता आणि अध्ययन

प्रस्तावना

प्रौढशिक्षण म्हटले की भारतात साक्षरता प्रसाराची चळवळ प्रथम आठवते. ज्यू परंपरेत या संज्ञेचा आशय वेगळा आहे. धर्मग्रंथाचे वाचन आणि त्यावरील वादविवाद ही गोष्ट बालपणी आटोपून टाकण्याची नसून ती प्रौढ माणसाचे आयुष्यभराचे कर्तव्य आहे, अशी या परंपरेची धारणा आहे. सिनेगॉगलगत अभ्यासगृह असणे आणि दिवसाचा व्यवसाय संपल्यावर कारागीर, व्यापारी यांनी तेथे ग्रंथ उघडून बसणे, हे पूर्व युरोपातील ज्यू वस्त्यांचे परिचित चित्र होते. एकविसाव्या शतकात हे अध्ययन मोठ्या प्रमाणावर आंतरजालावर आले असून 'ज्ञान सर्वांसाठी खुले झाले' अशा शब्दांत त्याचे स्वागत होत आहे. प्रस्तुत लेखात या विधानाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. ग्रंथ उपलब्ध होणे आणि अध्ययन घडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सहाध्यायी, नियत काळ आणि अभ्यासकाची भाषा या तीन गोष्टींचा आधार जेथे टिकतो, तेथेच उपलब्धतेचे रूपांतर अध्ययनात होते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

फ्रँकफर्टचा पूर्वप्रयोग

हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. जर्मनीतील सुशिक्षित, नागरी ज्यू समाज विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या परंपरेपासून बराच दूर गेला होता. या समाजातील प्रौढांसाठी फ्रान्झ रोझेनझ्वाइग या तत्त्वचिंतकाने १९२० मध्ये फ्रँकफर्ट येथे 'फ्राइस ज्युडिशेस लेअरहाउस', म्हणजे मुक्त ज्यू अध्ययनगृह, उभे केले. पूर्वी अध्ययनाची दिशा धर्मग्रंथाकडून जीवनाकडे होती. आता ती जीवनाकडून ग्रंथाकडे असली पाहिजे, अशी त्याची भूमिका होती. मार्टिन बूबर, गेर्शोम शोलेम यांच्यासारख्या विद्वानांबरोबरच एडुआर्ड श्ट्राउस हा रसायनशास्त्रज्ञ आणि रिचर्ड कॉख हा वैद्य यांनाही तेथे अध्यापनासाठी पाचारण करण्यात आले. जो स्वतः शोध घेत आहे तोच इतरांना शोधाची वाट दाखवू शकतो, हा त्यामागील विचार होता. व्याख्यानांना गर्दी होत असे. परंतु अध्ययनगृहाचे खरे काम लहान अभ्यासगटांत चालावे, असा रोझेनझ्वाइगचा आग्रह होता. १९३३ नंतर नाझी राजवटीत बूबरने या संस्थेचे पुनरुज्जीवन केले आणि १९३८ मध्ये ती बंद पडली. श्रोता आणि अभ्यासक यांतील जो भेद रोझेनझ्वाइगला जाणवला होता, तोच आजच्या उपक्रमांच्या मूल्यमापनाचा निकष ठरतो.

सेफारिया : ग्रंथ आणि त्याचे पृष्ठ

जोशुआ फोअर आणि ब्रेट लॉकस्पायझर यांनी २०११ मध्ये स्थापन केलेली सेफारिया ही संस्था ज्यू ग्रंथांचे विनामूल्य आंतरजालीय ग्रंथालय चालवते. तोरा, मिश्ना, ताल्मूद आणि त्यांवरील शतकानुशतकांची भाष्ये तेथे परस्परांशी जोडलेली आहेत. आदिन स्टाइनसाल्ट्झ यांच्या ताल्मूद आवृत्तीचा इंग्रजी अनुवाद २०१७ मध्ये तेथे सर्वांसाठी खुला करण्यात आला. ज्या ग्रंथाचे संच विकत घेणे सामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेरचे होते, तो एका कळीसरशी हाती यावा, ही घटना निःसंशय महत्त्वाची आहे.

तथापि येथे दोन मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. पहिली मर्यादा पृष्ठरचनेची आहे. डॅनिएल बॉम्बर्गने १५२० ते १५२३ या काळात व्हेनिस येथे संपूर्ण ताल्मूद छापला, तेव्हापासून मूळ संहिता मध्यभागी, एका बाजूस राब्बी राशी (१०४०–११०५) यांचे भाष्य आणि दुसऱ्या बाजूस त्या भाष्याशीही वाद घालणारे 'तोसाफोत' अशी मांडणी रूढ झाली. या पृष्ठावर मतभेद वाचकाच्या नजरेसमोर आपसूक उभा राहतो. सेफारियाच्या पडद्यावर संहिता खंडाखंडांनी येते आणि भाष्य कळ दाबल्यावर बाजूस उघडते. म्हणजे ज्याला मतभेद आहे हे आधीच माहीत आहे, तोच तो शोधतो. नवशिक्याला मात्र संहिता निर्विवाद असल्याचा भास होण्याचा धोका राहतो.

दुसरी मर्यादा अनुवादाची आहे. ताल्मूदची अरामी भाषा कमालीची त्रोटक असून तीत विरामचिन्हे नाहीत. स्टाइनसाल्ट्झ आवृत्तीच्या या अनुवादात शब्दशः भाषांतर ठळक टंकात आणि स्पष्टीकरण साध्या टंकात दिलेले आहे. हा भेद प्रामाणिकपणे राखलेला असला, तरी वेगाने वाचणारा वाचक दोन्ही एकत्रच ग्रहण करतो. परिणामी संपादकाने काढलेला अर्थ हीच मूळ संहिता वाटू लागते आणि अर्थासाठी करावयाची झटापट, जी या अध्ययनाचा गाभा आहे, ती टळते. पारंपरिक पद्धतीत ही झटापट 'हव्रूता'त, म्हणजे दोघांनी समोरासमोर बसून मोठ्याने वाचण्यात आणि परस्परांना अडवण्यात, होत असे. एकट्या वाचकाला अडवणारे पडद्यासमोर कोणी नसते.

दफ योमी : नियत काळाचे बंधन

याउलट 'दफ योमी' या उपक्रमाचे उदाहरण पाहता येईल. राब्बी मेइर शापिरो यांनी १९२३ मध्ये व्हिएन्ना येथील परिषदेत मांडलेल्या कल्पनेनुसार जगभरातील ज्यू रोज ताल्मूदचे एकच ठरावीक पान, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू, वाचतात. २७११ पानांचे हे आवर्तन सुमारे साडेसात वर्षांत पूर्ण होते. चौदावे आवर्तन ५ जानेवारी २०२० रोजी सुरू झाले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच करोनाच्या साथीमुळे अभ्यासगटांना दृक्‌श्राव्य माध्यमाचा आश्रय घ्यावा लागला. ध्वनिफिती व दूरध्वनी यांवरून पाठ ऐकण्याची सोय त्यापूर्वीही होती. त्यामुळे हे स्थलांतर तुलनेने सुलभ झाले.

या उपक्रमाचा सर्वांत मोठा लाभ स्त्रियांना झालेला दिसतो. ताल्मूदचे अध्ययन शतकानुशतके पुरुषांपुरते मर्यादित होते. इस्रायलमधील रआनाना येथे मिशेल कोहेन फार्बर यांनी २०१२ मध्ये स्त्रियांसाठी दैनंदिन वर्ग सुरू केला आणि त्याचे ध्वनिमुद्रण आंतरजालावरून दूरवर पोहोचले. २०२० च्या जानेवारीत जेरुसलेममध्ये आवर्तनपूर्तीसाठी हजारो स्त्रिया एकत्र आल्या. जिच्या गावात तिला अभ्यासगृहात जागा नव्हती, अशा स्त्रीला आंतरजालाने पर्यायी अभ्यासगृह दिले. येथे यश तंत्राचे आहेच. पण 'आजचे पान आजच' हे बंधन आणि तेच पान इतरही वाचत आहेत ही जाणीव यांचा वाटा त्याहून अधिक आहे.

अर्थात दफ योमीवर वेगाचा आक्षेप घेतला जातो व तो अनाठायी नाही. एका दिवसात एक पान पचवणे अनुभवी अभ्यासकालाही कठीण असते. शिवाय कर्मठ ज्यू शब्बाथला विद्युत उपकरणे हाताळत नाहीत. परिणामी अध्ययनासाठी सर्वाधिक अवकाश असलेल्या दिवशीच पडदा बंद राहतो आणि छापील ग्रंथ पुन्हा हाती घ्यावा लागतो. या साप्ताहिक खंडामुळे आंतरजाल हे अध्ययनाचे साधन आहे, त्याचे घर नव्हे, याचे स्मरण राहते.

व्याख्यानरूप अभ्यासक्रम

तिसरा प्रकार विद्यापीठीय अभ्यासक्रमांचा आहे. तेल अवीव विद्यापीठ आणि याद वाशेम यांचा होलोकॉस्टविषयक अभ्यासक्रम कोर्सेरा या मंचावर उपलब्ध झाला आणि ज्यूंखेरीज इतरांनाही या इतिहासाचा शास्त्रशुद्ध परिचय करून घेणे शक्य झाले. इतिहासाच्या विपर्यासाला उत्तर म्हणून अशा अभ्यासक्रमांचे मोल वादातीत आहे. परंतु चित्रफीत पाहणे आणि पर्यायी उत्तरांतून अचूक उत्तर निवडणे ही पद्धत माहितीची परीक्षा घेते. शिकणाऱ्याने प्रतिप्रश्न करावा अशी अपेक्षा तीत दुय्यम ठरते. रोझेनझ्वाइगच्या परिभाषेत सांगायचे, तर येथे श्रोता आहे, अभ्यासक अजून घडायचा आहे.

भाषेचा प्रश्न आणि बेने इस्रायल

'सर्वांसाठी' या शब्दाची खरी कसोटी भाषेच्या संदर्भात लागते. उपरोक्त उपक्रमांचा मुख्य व्यवहार हिब्रू आणि इंग्रजीत चालतो. या संदर्भात कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल समाजाचा इतिहास उद्बोधक आहे. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाच्या हग्गादेची मराठी अनुवादासह आवृत्ती मुंबईत १८४६ मध्ये शिळाप्रेसवर निघाली आणि १८७४ मध्ये पुण्यात दुसरी सचित्र आवृत्ती प्रसिद्ध झाली. बेखमीर भाकरी तयार करणाऱ्या भारतीय वेशातील स्त्रियांची चित्रे या पुणे आवृत्तीत आढळतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजाने कीर्तनाचा मराठी साचा स्वीकारून त्यातून हिब्रू बायबलातील चरित्रे सांगितली. जो हिब्रू वाचू शकत नव्हता, त्या प्रौढालाही त्यातून आपली परंपरा कळली. आजच्या परिभाषेत हे प्रौढशिक्षणच होते, आणि त्याने शिकणाऱ्याच्या भाषेत व त्याला परिचित असलेल्या रूपबंधात प्रवेश केला होता.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलमध्ये स्थलांतरित झाली. मुंबई-ठाणे परिसरात राहिलेल्या वृद्ध मराठी वाचकाला आज आंतरजालावरील ताल्मूद उघडता येतो. पण तो इंग्रजीच्या उंबरठ्यावरून. दीडशे वर्षांपूर्वी शिळाप्रेसने जे साधले, ते अधिक समर्थ तंत्राने साधू नये, ही उणीव तंत्राची नसून दृष्टीची आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. (१) आंतरजालामुळे ज्यू ग्रंथांची उपलब्धता अभूतपूर्व वाढली असून स्त्रिया आणि दूरस्थ अभ्यासक यांना तिचा विशेष लाभ झाला आहे. (२) उपलब्धतेचे रूपांतर अध्ययनात होण्यासाठी सहाध्यायी आणि नियत काळ यांचे बंधन आवश्यक ठरते; दफ योमी हे त्याचे प्रमाण होय. (३) सुलभ अनुवाद आणि सुटसुटीत पडदा यांमुळे मतभेद व अर्थसंदिग्धता झाकली जाण्याचा धोका आहे. (४) शिकणाऱ्याच्या भाषेचा विचार केल्याशिवाय 'सर्वांसाठी' हा शब्द अपुराच राहतो. महाविद्यालयांतून दूरस्थ अभ्यासक्रमांची आखणी करणाऱ्या अध्यापकांनाही हे निष्कर्ष विचारार्ह वाटावेत. कारण किती विद्यार्थ्यांनी नोंदणी केली हे मोजणे सोपे असते, परंतु त्यांपैकी किती जणांना अडवणारा सहाध्यायी मिळाला, यावरच शिक्षण घडले की नाही हे ठरते.