पापाचे धनी

लूकच्या तेराव्या अध्यायात लोक येशूकडे एक बातमी घेऊन येतात. पिलाताने काही गालीलकरांना यज्ञ चालू असतानाच मारले. येशू त्यात दुसऱ्या बातमीची भर घालतो: शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली. ही माणसे इतरांहून अधिक पापी होती का, असे विचारून तो स्वतःच 'नाही' म्हणतो आणि मग ऐकणाऱ्या सगळ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगतो. मराठी उपदेशकाची पारख या पाच वचनांवर करावी. माझ्या ऐकण्यातले बहुतेक उपदेशक ते 'नाही' घाईने ओलांडतात आणि पुढच्या इशाऱ्यावर ठाण मांडतात.

भामरागडसारख्या तालुक्यात ही घाई फार महागात पडते. गडचिरोलीच्या या जंगलपट्ट्यात हिवताप आणि सिकलसेल हे ओळखीचे आजार आहेत. प्रार्थनेने बरे वाटेल या आशेने आलेल्या माणसाला आधी पाप कबूल करायला लावले, की आजार आणि पाप यांची गाठ न बोलता बसते. योहानच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. सिकलसेल तर आईबापांकडूनच येतो, म्हणजे शिष्यांचा प्रश्न इथे जसाच्या तसा घरात उभा असतो. तरीही रोग्यासमोर हा उतारा उघडण्याऐवजी स्तोत्र ५१ उघडले जाते.

त्या स्तोत्राचेही तेच होते. त्याच्या मथळ्यातच नाथान संदेष्ट्याचे नाव आहे. दावीदाने बथशेबेला वाड्यावर बोलावून घेतले, तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईच्या तोंडी दिले. पापी होता तो राजा. आणि नाथानने त्याला झोडपले नाही. गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली, राजाला संताप येऊ दिला, त्याच्याच तोंडून निकाल वदवला आणि मग सांगितले की तो माणूस तूच. पापावरचे याहून कसबी प्रवचन मला माहीत नाही. आजच्या संदेशात स्तोत्राचे अश्रू उरतात, उरीया गळतो. मग पापांच्या यादीत येतात दारू, तंबाखू, सिनेमा आणि जुन्या देवांची पूजा. समोर चटईवर बसलेल्याला लागू पडतील एवढीच. सावकार आणि ठेकेदार या यादीत क्वचितच सापडतात.

ही रडवण्याची कला मराठीत आली कुठून? फादर स्टीफन्सच्या १६१६च्या क्रिस्तपुराणात आदामाच्या पतनापासून तारणापर्यंत सलग कथा आहे. श्रोत्याला ओवीच्या चालीने पुढे नेले जाते. ना. वा. टिळकांनी कीर्तन हाताशी धरले, त्यातही आख्यान पुरे केल्याशिवाय सुटका नाही. सुटे वचन उचलून त्यावर तासभर हाक देण्याची सवय धर्मजागृतीच्या सभांची. सभेतल्या अश्रूंचे मोठे मराठी उदाहरण म्हणजे १९०५ सालचे केडगावच्या मुक्ती मिशनमधले संजीवन: मुली हुंदके देत पापे कबूल करत होत्या. याकडे मी नुसत्या कौतुकाने पाहू शकत नाही. तिथे पंडिता रमाबाईंच्या आश्रयाला बालविधवा होत्या, दुष्काळातून वाचलेल्या पोरी होत्या. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातही गेल्या होत्या, आणि चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर-गडचिरोली, तेव्हा त्याच प्रांतात होते. विधवेला समाजाने आधीच बजावले होते की नवरा गेला तो तुझ्या पूर्वजन्मीच्या पापाने. तिने पुन्हा पापिणी म्हणून रडावे? पण एक फरक मान्य करावा लागतो. जुन्या आरोपातून सुटका नव्हती. इथे कबुलीनंतर क्षमा होती, आणि रमाबाई त्या मुलींना अक्षर, छापखाना, शेती अशी कामेही शिकवत होत्या. पुढच्या उपदेशकांनी हुंदके उचलले, बाकीचे राहू दिले.

या भागातल्या चांद्याच्या सायरो-मलबार कॅथोलिक धर्मप्रांताचा (स्थापना १९६२, धर्मप्रांत १९७७) एक फायदा आहे: वाचन दिनदर्शिका ठरवते, उपदेशकाची आवड नव्हे. नावडता उतारा टाळता येत नाही, निदान वाचावा तरी लागतो. प्रवचन बेतास बात असले तरी शास्त्र पुरे कानावर पडते. स्वतंत्र मंडळ्यांचे पाळक बोलण्यात अधिक तयार, पण वचन तेच निवडतात, आणि निवड फिरूनफिरून त्याच पाचसहा ठिकाणी येते.

गणना ५ क्वचितच निघते. तिथे अपराध्याने कबुली द्यायची, घेतलेले परत करायचे आणि वर पाचवा हिस्सा भरायचा. लूकमधला जकातदार जक्कय तर चौपट देतो. भामरागडच्या श्रोत्याला हे परके वाटू नये. गोंड-माडिया रीतीत चूक गावासमोर येते, दंड ठरतो, मग जेवण होते आणि माणूस परत पंगतीत बसतो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही मेजवानी आहेच. त्या दाखल्याचे प्रवचन मात्र धाकट्याच्या घरी परतण्यावर थांबते. ज्यांना तो सांगितला गेला ते कुरकुरणारे परूशी आणि शास्त्री होते, त्यांच्या जागी दाराबाहेर रुसलेला थोरला उभा आहे. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. तेवढे वाचायला दोन मिनिटे लागतात. तोवर पाळकांनी पश्चात्तापासाठी हात वर करायला सांगितलेले असते.